उसनं घेतलेलं चित्र: ‘मेल्ट’ आणि ११९ यांचं प्रकरण

७ डिसेंबर २००७ रोजी जपानमधल्या ‘निको निको डोगा’ या व्हिडिओंच्या साइटवर ‘मेल्ट’ नावाचं एक गाणं आलं. करणाऱ्याने नाव लावलं होतं र्‍यो. गाणारी होती हात्सुने मिकू, म्हणजे माणूस नव्हे, एक सॉफ्टवेअर. गाणं चालू असताना पडद्यावर मिकूचं जे चित्र दिसत होतं ते र्‍यो यांचं नव्हतं आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचंही नव्हतं. ते ११९ या टोपणनावाने चित्रं काढणाऱ्या एका चाहत्याचं होतं. र्‍यो यांनी ते न विचारता घेतलं होतं.

प्रकरण एवढंच. कोर्टकचेरी झाली नाही. तरीही ज्यांना चाहत्यांची चित्रं, विनोद आणि गमतीच्या गोष्टी जमवायची आणि चार जणांना दाखवायची आवड आहे, त्यांनी हे प्रकरण नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः वर्षानुवर्षं अशी चित्रं जमवते आणि पुढे देते. ‘पात्र तर सगळ्यांचंच आहे, मग चित्र घ्यायला कुणाला विचारायचं?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. त्याचं उत्तर देताना मी दर वेळी याच डिसेंबरपाशी येऊन थांबते.

बॉक्सवरची मुलगी

आधी मिकूबद्दल, कारण ती कशी तयार झाली हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर साप्पोरो शहर आहे. तिथे हिरोयुकी इतो यांनी १९९५ मध्ये क्रिप्टन फ्यूचर मीडिया ही कंपनी काढली. संगीतकारांना लागणारे आवाज विकायचे, हा तिचा धंदा. यामाहाने ‘व्होकलॉइड’ हे तंत्र तयार केलं होतं: माणसाच्या आवाजाचे तुकडे साठवून ठेवायचे, मग आपण स्वर आणि शब्द लिहून दिले की संगणक ते गाऊन दाखवतो. हे तंत्र वापरून क्रिप्टनने २००४ मध्ये मेइको आणि २००६ मध्ये काइतो असे दोन आवाज बाजारात आणले. त्यानंतर ३१ ऑगस्ट २००७ रोजी हात्सुने मिकू आली. आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा होता आणि बॉक्सवरचं चित्र केइ या चित्रकाराचं. त्या चित्राचे रंग आणि बाहीवरची बटणं यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ या सिंथेसायझरवरून घेतली होती. नावातला ‘हात्सु’ म्हणजे पहिला, ‘ने’ म्हणजे आवाज आणि ‘मिकू’ म्हणजे भविष्य.

पात्राची माहिती म्हणून कंपनीने दिलं होतं ते फार थोडं: वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो आणि आवाजाबद्दलचे काही तांत्रिक तपशील. गोष्ट नाही, आईवडील नाहीत, मित्रमैत्रिणी नाहीत, आवडीनिवडी नाहीत. एखाद्या मालिकेचा चाहता चित्र काढतो तेव्हा त्याच्या डोक्यात ती मालिका असते. इथे मालिकाच नव्हती. मिकू कशी वागते, कधी रडते, कशाला हसते हे चित्र काढणाऱ्यानेच ठरवायचं होतं. म्हणून मिकूच्या बाबतीत ‘चाहत्याने काढलेलं चित्र’ हे शब्द थोडे अपुरे पडतात. पात्राचं निम्मं अंग चाहत्यांनीच घडवलंय.

आणखी एक योग जुळून आला. चित्रकारांची ‘पिक्सिव’ ही साइट १० सप्टेंबर २००७ रोजी, मिकूनंतर अवघ्या दहा दिवसांनी सुरू झाली. गाणारी आली आणि पाठोपाठ तिची चित्रं टांगायला भिंतही आली.

पात कुठून आली

हा भाग मुख्य प्रकरणाच्या थोडा आडवाटेला आहे. पण विनोद आणि चित्र हातोहात फिरत असताना नावं कशी टिकतात, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

मिकूच्या चित्रांत तिच्या हातात बऱ्याचदा हिरवी-पांढरी लांब काठी दिसते. नवख्या माणसाला ती जादूची कांडी वाटते. प्रत्यक्षात ती ‘नेगी’ आहे, जपानमधली कांद्याची लांब पात. कंपनीच्या बॉक्सवर तिचा मागमूस नव्हता. मग ती आली कुठून?

सुरुवात फिनलंडमध्ये होते. एका जुन्या लोकधुनेवर एइनो केट्टुनेन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सावो भागाच्या बोलीत गाणं लिहिलं: ‘इएवान पोल्का’, म्हणजे इएवाचा पोल्का नाच. १९९५ मध्ये लोइतुमा या फिनिश गटाने ते वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर गायलं. मधल्या एका टप्प्यात त्यांची गायिका अर्थ नसलेले शब्द भराभर गात जाते. २००६ मध्ये कुणीतरी तोच तुकडा उचलला आणि ‘ब्लीच’ या जपानी ॲनिमे मालिकेतल्या एका क्षणाला जोडला. त्या क्षणात ओरिहिमे ही मुलगी पात गोल गोल फिरवते. फिनिश गाणं आणि जपानी मुलगी यांचा काहीएक संबंध नव्हता, पण ताल इतका जुळला की लोक तासन्‌तास ते चक्र बघत बसले. जगभर ते ‘लोइतुमा गर्ल’ म्हणून फिरलं.

सप्टेंबर २००७ च्या पहिल्याच आठवड्यात, म्हणजे मिकू बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, ओतोमानिया या नावाने काम करणाऱ्याने हेच गाणं मिकूकडून गाऊन घेतलं. सोबतचं चित्र तामागो यांनी काढलं: मोठं डोकं, चिमुकलं अंग, चेहऱ्याला मोजक्या रेषा आणि पात धरून वरखाली हलणारा हात. या छोट्या मिकूला लोकांनी ‘हाचुने मिकू’ म्हटलं, बोबड्या उच्चारातलं हात्सुने. ती पात मिकूला जी चिकटली ती चिकटलीच. कंपनीने तो विनोद आपलासा केला. २००८ मध्ये गुड स्माइल कंपनीने मिकूची छोटी बाहुली काढली, तर तिच्यासोबत पातही दिली.

या साखळीत माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की, आज इतक्या वर्षांनीही आपण केट्टुनेन, लोइतुमा, ओतोमानिया, तामागो ही नावं घेऊ शकतो. नाव सुटलंय ते एकाच जागी. ‘लोइतुमा गर्ल’चं चक्र ज्याने जोडलं त्याच्यासाठी मला वर ‘कुणीतरी’ लिहावं लागलं. लिहिताना ते मला टोचलं. त्या माणसाने दोन अनोळखी गोष्टींतला ताल ओळखला नसता तर मिकूचा हात रिकामाच राहिला असता.

सात डिसेंबर

‘मेल्ट’च्या आधीही मिकूची गाणी गाजली होती. त्यातली बरीच मिकूबद्दलचीच होती: मी सॉफ्टवेअर आहे, तू मला विकत घेतलंस, आता मला नीट गायला शिकव. संगणक गातो हीच त्या गाण्यांची गंमत. ‘मेल्ट’मध्ये ही गंमत बाजूला पडली. ते प्रेमात पडलेल्या मुलीचं सरळ गाणं आहे. सॉफ्टवेअरचा उल्लेख नाही, विनोद नाही.

इथेच चित्राचं वजन वाढतं, असं माझं मत आहे. मिकूचा तेव्हाचा आवाज ऐका: शब्दांच्या कडा धातूसारख्या वाजतात, श्वास जाणवत नाही. अशा आवाजातून प्रेमाची धडधड ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायची तर डोळ्यांसमोर कुणीतरी हवं. बॉक्सवरचं चित्र त्यासाठी पुरेसं नव्हतं. ते मालाची ओळख करून देण्यासाठी काढलेलं होतं. ११९ यांच्या मिकूने ते काम केलं. ऐकणाऱ्याला एक मुलगी दिसली आणि गाणं तिच्या तोंडी बसलं.

निको निको डोगाची एक खासियत इथे लक्षात घ्यायला हवी. तिथे प्रतिक्रिया व्हिडिओच्या खाली साचत नाहीत, त्या व्हिडिओवरूनच उजवीकडून डावीकडे सरकत जातात, नेमक्या ज्या क्षणी कुणी लिहिल्या त्या क्षणी. गाणं गाजलं की चित्र अक्षरांच्या गर्दीत बुडतं. ‘मेल्ट’चं तेच झालं. मग लोकांनी ते गाणं स्वतःच्या आवाजात गायला सुरुवात केली. तिथे या प्रकाराला ‘उतात्ते मिता’ म्हणतात, म्हणजे ‘गाऊन बघितलं’. असे व्हिडिओ करताना मूळ चित्र तसंच ठेवायची रीत होती. एकाने न विचारता घेतलेलं चित्र असं पन्नास ठिकाणी पोचतं, आणि त्या पन्नासांना ते कुणाचं आहे हे विचारायचं सुचतही नाही. त्यांच्या दृष्टीने ते ‘त्या गाण्याचं चित्र’ झालेलं असतं.

हे मी जवळून पाहिलंय. माझ्याकडे एखादं चित्र येतं तेव्हा त्याच्या कोपऱ्यात सहीची अर्धी रेघ उरलेली असते. कुणीतरी चौकोनात बसवायला चित्र कापलंय, पुढच्याने ते स्क्रीनशॉट घेऊन पाठवलंय, त्याच्या पुढच्याने पुन्हा साठवलंय. जेपीईजी फाइल उघडून पुन्हा साठवली की दर वेळी थोडा तपशील जातो, आणि बारीक रेषा सगळ्यांत आधी जातात. म्हणून चित्रातला चेहरा ओळखू येतो आणि सही वाचता येत नाही. सही म्हणजे त्या चित्रातली सगळ्यांत बारीक रेघ.

कुणाचं काय होतं

आता मूळ प्रश्न. मिकू क्रिप्टनची. क्रिप्टनने चाहत्यांना चित्रं काढायला आडकाठी केली नाही, उलट ३ डिसेंबर २००७ रोजी, ‘मेल्ट’च्या चारच दिवस आधी, ‘पियाप्रो’ नावाची जागा उघडली. तिथे चाहत्यांनी गाणी, चित्रं, शब्द ठेवायचे आणि एकमेकांचे वापरायचे. मग ११९ यांचं चित्र घेण्यात चूक काय झाली?

चूक अशी की परवानग्या दोन असतात आणि आपल्या डोक्यात एकच राहते. मिकू हे पात्र वापरायला हवी ती क्रिप्टनची परवानगी. ११९ यांनी काढलेली मिकू वापरायला ती लागतेच, शिवाय ११९ यांचीही लागते. पहिल्या परवानगीत दुसरी येत नाही. जपानच्या १९७० च्या कॉपीराइट कायद्यात हे व्यवस्थित मांडलेलं आहे. दुसऱ्याच्या कृतीवर बेतून नवी कृती केली तर तिच्यात घातलेल्या नव्या भरीचा हक्क ती करणाऱ्याकडे असतो. त्याच वेळी कलम २८ प्रमाणे मूळ कृतीच्या कर्त्याचाही त्या नव्या कृतीवर हक्क चालतो. दोघेही हक्कदार. ‘ती तर चाहत्याने काढलेली आहे, त्याचा तरी कुठे हक्क आहे?’ असं आपण सहज बोलून जातो. कायदा तसं म्हणत नाही.

यापलीकडे कर्त्याचे वैयक्तिक हक्क आहेत. कलम १९ प्रमाणे आपलं नाव लावावं की नाही, आणि लावायचं तर कोणतं, हे ठरवायचा हक्क कर्त्याचा. टोपणनावही चालतं, त्यामुळे ११९ हे तीन आकडे कायद्याच्या दृष्टीने पुरेसं नाव आहे. (११९ हा जपानमध्ये आग लागली की फिरवायचा नंबर आहे.) कलम २० प्रमाणे चित्र कर्त्याच्या इच्छेविरुद्ध कापायचं-बदलायचं नाही. आणि कलम ५९ सांगतं की हे हक्क दुसऱ्याला देता येत नाहीत. चित्र विकलं तरी ते कर्त्याकडेच राहतात.

कायद्याबरोबर एक व्यवहारही सांगायला हवा, नाहीतर चित्र अर्धवट राहील. त्या काळी जपानमध्ये कॉपीराइटचा भंग झाला तर हक्कदाराने तक्रार केल्याशिवाय फौजदारी खटला उभा राहत नसे. चाहत्यांच्या सगळ्या जगाला श्वास घ्यायला जागा मिळाली ती यामुळे. मालक बघतो, समजून घेतो, गप्प राहतो. ३० डिसेंबर २०१८ पासून नियम थोडा बदलला. मूळ वस्तू जशीच्या तशी पैशांसाठी छापून विकणाऱ्यांवर आता तक्रारीशिवायही खटला होऊ शकतो. चाहत्यांनी स्वतः बेतलेल्या कृती त्यातून बाहेर ठेवल्या आहेत. पण मालकाच्या गप्प राहण्याला परवानगी समजायची सवय या जगात मुरलेली आहे, आणि तीच सवय चाहते एकमेकांच्या बाबतीतही लावतात. र्‍यो यांच्या हातून जे झालं ते या सवयीतून झालं असावं, असं मला वाटतं. त्यांचा हेतू वाईट होता असं दाखवणारं काहीही माझ्या वाचनात आलं नाही.

निको निकोवर व्हिडिओखाली लिहायचा एक शब्द रूढ होता: ‘ओकारी शिमाशिता’. चित्र अमुक यांचं, ‘उसनं घेतलं’. मला हा शब्द फार आवडतो. मराठीत आपण ‘साभार’ लिहितो. त्यात आभार आहेत, पण परत करण्याची जाणीव नाही. ‘उसनं’ म्हटलं की वस्तू दुसऱ्याची आहे आणि आपल्यावर काहीतरी देणं आहे, हे आपोआप मनात येतं. चित्र परत करता येत नाही. मग परत काय करायचं? निदान नाव, आणि ‘मी घेतलंय’ हा निरोप.

माफी

‘मेल्ट’ गाजल्यावर र्‍यो यांनी ११९ यांच्याशी संपर्क साधला आणि न विचारता चित्र वापरल्याबद्दल माफी मागितली.

या क्षणी र्‍यो यांच्यापुढे काय काय वाटा होत्या ते मांडून बघू. गप्प बसता आलं असतं. गाणं गाजलेलं होतं, लोक खूश होते. चित्र काढून टाकता आलं असतं, पण व्हिडिओ उतरवून नव्याने चढवला की त्यावरच्या हजारो प्रतिक्रिया जातात, आणि चित्र तोवर बाहेर पसरलेलंही असतं. नुसतं नाव जोडून मोकळं होता आलं असतं. पुष्कळ जण इथेच थांबतात. नाव लावलं म्हणजे विचारलं, असं त्यांना वाटतं. र्‍यो यांनी या सगळ्यांपेक्षा अवघड वाट धरली. समोरच्याला ‘नाही’ म्हणता येईल अशा जागी ते स्वतः जाऊन उभे राहिले. माफी मागणं म्हणजे निर्णय समोरच्याच्या हाती देणं. ११९ यांनी ‘चित्र काढा’ म्हटलं असतं तर ते काढावं लागलं असतं, गाणं कितीही गाजलेलं असो.

११९ यांनी तसं म्हटलं नाही. त्यांना र्‍यो यांच्या कामात रस वाटला आणि त्यांनी तो बोलून दाखवला. त्या बोलण्यातून दोघांचं एकत्र काम सुरू झालं, आणि त्यातून ‘सुपरसेल’ हा गट उभा राहिला. गाणी र्‍यो यांची, गाणार मिकू, आणि बाकीचे सदस्य बहुतांशी चित्रकार आणि आरेखनकार. संगीताच्या गटात चित्रकार सदस्य म्हणून असतात, हे मला आजही विलक्षण वाटतं. ज्याचं चित्र उचललं होतं तो बाहेरचा माणूस राहिला नाही. गटाची रचनाच अशी झाली की चित्र काढणारा गाणं करणाऱ्याच्या शेजारी बसला.

त्याच महिन्यातलं दुसरं भांडण

तुलनेसाठी एक गोष्ट थोडक्यात. त्याच डिसेंबरात मिकूच्या आणखी एका गाजलेल्या गाण्याची नोंद जॅस्रॅक या जपानी संगीत-हक्क संस्थेकडे झाली, आणि त्या नोंदीत कलाकार म्हणून ‘हात्सुने मिकू’ हे नाव गेलं. क्रिप्टनने हरकत घेतली. क्रिप्टन आणि नोंद करणारी कंपनी यांच्यात जाहीर निवेदनांची देवाणघेवाण झाली आणि महिनाअखेरीस संयुक्त निवेदन काढून वाद मिटवावा लागला. त्या दोन्ही बाजूंना व्यवहार आणि कायदा कळणारी माणसं होती. र्‍यो आणि ११९ यांच्याकडे तसं काही नव्हतं. त्यांचं प्रकरण मिटलं ते एका निरोपावर. माणसं थोडी आणि गोष्ट ताजी असली की बोलून सुटते. तीच गोष्ट कागदावर चढली की अवघड होते. म्हणून चूक लक्षात आली त्याच दिवशी निरोप पाठवावा, या मताची मी आहे.

मला खटकणारी बाजू

हे प्रकरण सांगितलं की ऐकणारा हमखास म्हणतो, ‘म्हणजे न विचारता घेतलं ते बरंच झालं की. विचारत बसले असते तर गाणं आलंच नसतं.’ या बोलण्याने मी अस्वस्थ होते, म्हणून त्याला जरा वेळ देते.

शेवट गोड झाला तो ११९ यांच्या स्वभावामुळे. र्‍यो यांच्या पहिल्या कृतीचं त्यात काही श्रेय नाही. समजा, त्या चित्रकाराला ते चित्र अपुरं वाटत होतं आणि पुढे दाखवायचं नव्हतं. समजा, त्यांनी ते दुसऱ्या कुणाच्या गाण्यासाठी काढलं होतं. समजा, त्यांना आपलं चित्र प्रेमगीताखाली नको होतं. यातलं प्रत्येक कारण पुरेसं आहे, आणि चित्र काढणाऱ्याने ते सांगण्याचीही गरज नाही. चित्र हजारो लोकांनी पाहिल्यावर मात्र ‘नाही’ म्हणणं कठीण होऊन बसतं. म्हणणारा एकटा पडतो. लोक त्यालाच ‘एवढं काय त्यात, तुझंच नाव झालं ना?’ म्हणतात. आधी विचारलं असतं तर ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. नंतर विचारलं तर तो भार चित्रकाराच्या खांद्यावर येतो. र्‍यो यांच्या माफीचं मला मोल वाटतं, पण तिने हा भार पुसला जात नाही.

आणि विचारलं असतं तर गाणं आलंच नसतं, हेही खरं नाही. पुढच्या वर्षी हुके या चित्रकाराने काढलेल्या काळ्या कपड्यांतल्या, एका डोळ्यात निळी ज्योत असलेल्या मुलीचं चित्र र्‍यो यांच्या पाहण्यात आलं. त्यावरून त्यांनी ‘ब्लॅक रॉक शूटर’ हे गाणं केलं, ते जून २००८ मध्ये आलं. हुकेही सुपरसेलमध्ये आले. या वेळी चित्र आधी होतं, गाणं त्याच्यासाठी झालं आणि चित्रकार सोबत होता. २०१० मध्ये त्या पात्राचं ॲनिमेही आलं. गाणं कुठेही कमी पडलं नाही.

पुढे काय झालं

सुपरसेलचा पहिला अल्बम ऑगस्ट २००८ मध्ये टोकियोच्या ‘कॉमिकेट’मध्ये विक्रीला आला. कॉमिकेट म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेल्या-बनवलेल्या गोष्टींची जत्रा. डिसेंबर १९७५ मध्ये ३२ गट आणि सुमारे ७०० माणसांवर सुरू झालेली ही जत्रा २००८ पर्यंत लाखोंची झाली होती. मार्च २००९ मध्ये तोच अल्बम सोनी म्युझिकने बाजारात आणला, आणि त्याच्या एक लाखाहून जास्त प्रती गेल्या. घरात बसून केलेल्या गाण्याची आणि न विचारता घेतलेल्या चित्राची ही मजल.

क्रिप्टनने आपली बाजू हळूहळू लेखी केली. पात्रांची चित्रं काढा, वापरा, पैसे कमवायला नको, आणि पात्राची बदनामी नको, हा त्या नियमांचा गाभा. छापायचा खर्च भागेल एवढ्या किमतीत स्वतःच्या वस्तू द्यायच्या असतील तर आधी अर्ज करा, त्याला शुल्क नाही. डिसेंबर २०१२ मध्ये मिकूच्या मूळ चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवानाही लावला: नाव द्या, धंदा करू नका. पियाप्रोवर चित्र ठेवताना चित्रकार स्वतः खुणा करतो: माझं नाव लावा, धंद्याला वापरू नका, बदल करू नका. कंपनीची परवानगी वेगळी आणि चित्रकाराची वेगळी हे तिथे चित्रागणिक डोळ्यांसमोर दिसतं.

निको निकोने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आपल्या व्हिडिओत कुणाचं चित्र, कुणाचं गाणं वापरलं ते ‘पालक’ म्हणून नोंदवायची सोय केली. त्या नोंदींचं झाड तयार होतं: हे गाणं, त्यावर बेतलेले व्हिडिओ, त्या व्हिडिओंवर बेतलेले आणखी. डिसेंबर २०११ पासून कर्त्यांना मानधन द्यायला सुरुवात झाली, तेव्हा त्यात ‘कोदोमो तेआते’ नावाची तरतूद ठेवली. शब्दशः अर्थ मुलांसाठीचा भत्ता. तुमच्या कृतीवरून कुणी नवी कृती केली आणि ती चालली, तर तुम्हालाही थोडी रक्कम मिळते. उसनं घेतल्याची नोंद केली की देणाऱ्याच्या हातात खरोखर काहीतरी पडतं, अशी सोय करणारी ही साइट मला फार मोठी वाटते.

माझ्या संग्रहात हाचुने मिकूचं एक चित्र आहे, पात हलवणारं. त्याच्याखाली मी लिहिलंय: चित्र तामागो. गाणं घडवलं ओतोमानिया. पात्र क्रिप्टनचं, मूळ रेखाटन केइ, आवाज साकी फुजिता. पातीची कल्पना ‘लोइतुमा गर्ल’वरून, जोडणाऱ्याचं नाव मिळालं की लिहीन. मूळ गायन लोइतुमा, शब्द केट्टुनेन. चित्र हातभर लहान झालंय, कारण खालच्या ओळींना जागा करून द्यावी लागली. कुणाला पाठवताना मी ते तसंच पाठवते, ओळींसकट.